आवाज बसला

तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली, पण तिथले सांगण्यासारखे किस्से चार-दोनच. आमच्या कचेरीत काही घडतं, असा संशय तिथल्या लोकांनाही कधी आला नाही. निवृत्तीनंतर बजाजनगरात मिलिंदच्या स्टुडिओत जायला लागलो आणि किस्से इतके साचले की डोक्याचं कपाट बंद होईना. आता हसून सांगतो खरा, पण घडताना एकदाही हसू आलं नव्हतं.

मिलिंद वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात घराच्या मागच्या खोलीत लोकांचे आवाज रेकॉर्ड करतो. मी तिथं गोष्टी वाचतो. पहिल्याच दिवशी त्यानं कॉम्प्युटरवर दाखवलं, "काका, हा तुमचा ट्रॅक. तो या बसला दिला. बस म्हणजे आवाज पुढं न्यायची वाट. ती पुढं मास्टरला जाते, तिथं सगळे आवाज एक होतात."

"म्हणजे टेबलावरून सेक्शनला, सेक्शनवरून साहेबाला!"

"तसंच. फक्त तुमच्याकडं हरवलेला कागद कधी तरी सापडायचा. इथं आवाज चुकीच्या जागी गेला की गेलाच."

तेव्हापासून त्या पडद्याकडं मी साहेबाच्या केबिनकडं बघावं तसा बघतो.

*

एकदा त्यानं माझा आवाज बसला दिला आणि घाईत तीच बस परत माझ्याच ट्रॅकला जोडली. आवाज गोल फिरत वाढत गेला आणि अशी किंकाळी फुटली की मी थेट टेबलाखाली! शेजारची बाई धावत आली, "कोण गेलं हो?"

मिलिंदनं स्पीकर बंद केले. "फीडबॅक, काका."

आमच्याकडंही कागद दोन टेबलांत असाच वर्षानुवर्षं फिरायचा. पण तो निदान ओरडत नसे!

*

मग साळवेमामा आले. मिलिंदच्याच कंपनीतून निवृत्त झालेले, विहारात गाणारे. घशात गाठ. त्याच संध्याकाळी दवाखान्यात भरती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार होते.

"लेकीला आठवा लागलाय," मामा म्हणाले. "पाळणा मीच रचलाय, म्हणणारबी मीच होतो. आता मशिनीत ठिवून जातो."

दिवसाकाठी एखादं गाणं होईल, एवढाच गळा शिल्लक होता.

मिलिंदनं माईक लावला आणि मला हाक दिली, "काका, मामांचा आवाज बसला..."

मामांचा हात गळ्याकडं गेला. चेहरा उतरला. "इतक्यात? आजून म्हटलंच नाय की!"

"...बसला दिलाय, मामा! बसला दिलाय!"

"आरं, मग वाक्य तरी पुरं करत जा! आन् कोणती बस? आपल्या शिफ्टची? तिच्यात उभं राहायला जागा नसती."

*

काचेपलीकडं मामा, अलीकडं आम्ही. मी हळूच विचारलं, "मिलिंद, हा गळा दोन मिनिटं तरी टिकेल का?"

काचेपलीकडच्या माणसाशी बोलायचा आमचा माईक मामांच्या हेडफोनच्या बसला जोडलेलाच होता. स्पीकरमधून उत्तर आलं, "टिकंल, साहेब. चार मिनिटं टिकंल. तुम्ही तेवढं गप बसा."

मला साहेब म्हणणारा आयुष्यातला पहिला माणूस, आणि तोही असा!

*

कानात ढोलकीचा ठेका घेऊन मामांनी पाळणा म्हटला. लई गोड म्हटला. शेवटच्या ओळीला मात्र गळा चिरकला आणि खोकला सुरू झाला.

मिलिंद पडद्याकडं बघत राहिला. मामांच्या ट्रॅकवर सरळ रेघ.

लेण्यात म्हटल्यासारखा आवाज घुमावा म्हणून त्यानं एक वेगळी बस केली होती आणि त्या घुमाऱ्याला वेगळा ट्रॅक. रेकॉर्डचं लाल बटण दाबलं गेलं ते त्याच ट्रॅकवर! मूळ आवाज कुठंच नाही; नुसता लांबून येणारा घुमारा. मूळ प्रत गहाळ, हाती फक्त पोच.

मिलिंद पांढरा पडला. "काका, आता?"

आणि मी, आयुष्यभर केलं तेच केलं. "सांगू नकोस," म्हणालो. "घेतलं म्हणून सांग. ऑपरेशन होऊन जाऊ दे."

काचेपलीकडं मामांनी मान वर केली. आमचा माईक अजून त्यांच्या हेडफोनलाच जोडलेला होता.

मग स्पीकरमधून खरखर आली, "साहेब, बटन कोणतं ते एकदा दोघं मिळून ठरवा. मी परत म्हणतो."

म्हटला. आता खरोखरच आवाज बसला होता. निम्मे शब्द तर नुसती हवा होती. त्या चार मिनिटांत मिलिंदनं लाल बटणावरची नजर हलवली नाही आणि मी मिलिंदवरची.

*

ठेका एकच असल्यामुळे मिलिंदनं दोन्ही एकावर एक बसवले. पुढं दुसऱ्या खेपेचा फाटका आवाज, मागं पहिल्या खेपेचा घुमारा.

ऑपरेशन झालं. नात झाली. मध्यंतरी आम्ही मामांच्या घरी गेलो. मामा आता पाटीवर लिहून बोलतात. लेकीनं मोबाईलवर पाळणा लावला. मामा झोळीची दोरी ओढत शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग पाटी उचलली, लिहिलं आणि आमच्यापुढं धरली.

"पुढं म्हणतोय तो मी. मागं कोण म्हणतंय?"