आधी चेन बंद कर

"चेन बंद कर रे आधी!" तंबूतून कोणी डोकं बाहेर काढलं, की आमच्या एका मित्राची ही आरोळी ठरलेली. ऐंशीच्या दशकात आम्ही अंधेरीच्या ऑफिसातली पाच-सात टाळकी दर थंडीत राजस्थानच्या वाळवंटात मुक्कामाला जायचो. सामान सांभाळायचं काम त्याचं. तुमच्याही ग्रुपात असा एखादा असेलच, ज्याच्यामुळे सहल पार पडते आणि ज्याची सगळे थट्टा करतात.

सॅका तो उशांच्या अभ्र्यांत घालून सुतळीने बांधायचा. रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने चेनींचे दात घासायचा, मग त्या अडकू नयेत म्हणून त्यांवर मेणबत्ती फिरवायचा.

"स्वतःचे दात तरी इतके घासतोस का?" मी विचारायचो. तो हसून पुढची चेन घ्यायचा.

एकदा आमच्यातल्या एका शहाण्याने तंबूच्या चेनीला खोबरेल लावलं. मुंबईच्या दमट हवेत चेन गंजू नये म्हणून आपण लावतो ना, तसं. दुपारपर्यंत तेलावर वाळू अशी बसली, की चेन हलेना. तंबू उघडाच राहिला आणि अंथरुणापर्यंत सगळं वाळूने भरलं. वाटलं, आता आमचा सामानवाला शिव्या घालणार. पण त्याने चेनीवरून बोट फिरवून पाहिलं.

"वाट लागली यार," म्हणाला. "तेलातली वाळू झटकून निघत नाही. ही आता घरी येणार."

घर म्हणजे घाटकोपरची एक खोली. पोटमाळ्यावर आमचे तंबू आणि खाली कॉटवर त्याची बायको, दम्याने बेजार. धूळ उडाली की तिचा श्वास अडकायचा. तंबू दुसरीकडे हलवायचं त्याने काढलं, तर तीच म्हणाली होती, "तुमची एवढी एकच हौस, राहू दे घरात." म्हणून परतल्यावर तो सगळं आधी गच्चीवर झटकायचा, पुसायचा आणि मगच आत न्यायचा. हे कळल्यावर आमची थट्टा आपोआप थांबली.

ती गेली ती पावसाळ्यात, भिंतींच्या ओलीने दमा बळावून. इतकी वर्षं त्याने वाळू अडवली होती. मला फार वाईट वाटलं.

थंडीत मी तंबू न्यायला गेलो. तो येणार नव्हता. पोटमाळ्यावरून त्याने पिशवी खाली ओढली, तशी इतकं झटकूनही शिवणींत राहिलेली वाळू तिच्यातून सांडली, रिकाम्या कॉटवर. चेन उघडीच होती. मी घाईघाईने ती लावू लागलो.

"राहू दे रे," तो म्हणाला. "आता कोणाला त्रास होणारेय?"

त्या वर्षी वाळवंटात तंबूबाहेर पडलो आणि सवयीने थांबलो. मागून कोणी ओरडलं नाही. मीच परत फिरून चेन लावली.