दुसऱ्या रविवारी पेटलेली गुलाबी मेणबत्ती

नोव्हेंबरात माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि माझा आवाज मात्र गेला. बसला किंवा घोगरा झाला असं नव्हे, गेलाच. तोंड उघडलं की नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या नसेला ताण बसलाय, काही महिन्यांत येईल, कदाचित नाहीही येणार. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं, शेवटच्या बाकापर्यंत माझा शब्द खणखणीत पोचायचा. अशा बाईला गप्प बसायला सांगायला डॉक्टरांचं काय जातं! आमचे हे म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा घरात रेडिओ नीट ऐकू आला." मी नुसतं बघितलं, तर त्यांनी निमूटपणे रेडिओ बंद केला. बघण्यातली ताकद तेवढी शिल्लक होती.

पण खरं दुखणं वेगळं होतं. आमच्या चर्चची एक रीत आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारी, म्हणजे आगमनकाळात, आम्ही नाताळचं एकही गीत गात नाही. बाहेर बाजारात चांदण्या लटकतात, केकच्या दुकानांत गर्दी होते, आणि आत वेदीवर जांभळं वस्त्र आणि वाट पाहण्याची गीतं. मग नाताळच्या पहाटे सगळी मंडळी दिवे न लावता उभी राहते आणि मागच्या दारातून एकच आवाज पहिलं कडवं गातो. बाजापेटी नाही, कोरस नाही. त्या कडव्यानं आमचा नाताळ उजाडतो. ते आधी माझी आई गायची, तिच्यामागून मी. मध्यंतरी कुणीतरी सुचवलं होतं, आता नव्यांना संधी द्यावी, मी म्हटलं होतं, "माझा गळा शाबूत आहे तोवर विचारू नका." आता गळा शाबूत होता, आवाजच नव्हता.

मी देवाशी भांडले. मनातल्या मनात, कारण दुसरा मार्ग नव्हता. म्हटलं, काही न्यायचंच होतं तर गुडघे न्यायचे, ते तसेही दुखतात. ज्यानं तुझी स्तुती केली तेच कसं नेलंस? तुला माझं गाणं नकोसं झालं का? इतक्या वर्षांत मी देवावर रागावले होते, पण त्याला मी नको आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसांत वाटलं. रोज पहाटे मी न्हाणीत जायची, नळ मोठा सोडायची आणि "आ" करून बघायची, आला का म्हणून. हवा यायची. तोंड पुसून बाहेर यायची. हे मी यांनाही कळू दिलं नव्हतं.

वेदीची मांडामांड माझ्याकडे आहे. आगमनकाळात वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं ठेवतो, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत जायची. गुलाबी ही आनंदाची, ती तिसऱ्या रविवारी लावायची. त्याआधी तिला काडी दाखवायची नाही. मी या बाबतीत कडक आहे. पाळकसाहेबसुद्धा मला विचारून फुलं हलवतात. त्या त्या रविवारी मेणबत्ती लावायचा मान एकेका घराला देतो. दुसऱ्या रविवारी ज्यांचा मान होता ते गडहिंग्लजला लग्नाला गेले आणि तिथंच अडकले. डिसेंबरात इथं बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन आलं की सीमावाद पेटतो आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बसगाड्या बंद पडतात, त्यात नवल काही नाही. ऐन वेळी चर्चच्या वॉर्डननी मागच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईंना बोलावलं आणि हातात काडेपेटी दिली.

सुती लुगडं, डोक्यावरून पदर, माझ्याहून थोड्या लहान असाव्यात. त्यांनी आधी पहिली जांभळी पेटवली, क्षणभर बाकीच्यांकडे निरखून बघितलं, आणि सरळ गुलाबी पेटवली. मी गायकांच्या बाकावरून ताडकन उठले. "ती नव्हे!" म्हणून ओरडले, म्हणजे तोंड उघडलं. हवा. मी दोन्ही हात हलवले, तर पाळकसाहेबांना वाटलं मला चक्कर येतेय, आणि माझी सून प्रमिला पाण्याची बाटली घेऊन धावत आली. तिनं मला बळेच खाली बसवलं. गुलाबी मेणबत्ती छान पेटली होती, आणि मंडळी शास्त्रपाठाला लागली होती.

उपासना झाल्यावर मी त्या बाईंना दारात गाठलं. मेणबत्तीकडे बोट दाखवून मान जोरात हलवली. शाळेतल्या पोरांना एवढं पुरायचं.

"चुकलं व्हय आक्का?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या चर्चात असल्या मेनबत्त्या न्हाईत बघा. बाकीच्यांच्या वाती वाकल्या हुत्या. हिची उभी हुती, म्हून लावली."

मग त्यांचं लक्ष माझ्या गळ्यातल्या मफलरकडे गेलं. त्यांनी पदर बाजूला केला. गळ्याच्या खालच्या बाजूला आडवा व्रण होता, माझ्याच जागी, फक्त जुना आणि पांढरा पडलेला.

"तुमचीबी गाठच न्हवं? माझाबी आवाज गेलता. लई दिस न्हवता." त्या निपाणीकडच्या एका गावच्या, तंबाखूच्या वखारीत कामाला. तपासणीसाठी बेळगावला आल्या होत्या, वडगावात बहिणीकडे उतरल्या होत्या, आणि रविवार म्हणून मराठी उपासना कुठं आहे ते विचारत इथवर आल्या होत्या. "वखारीत आवाज न्हाय तर कोन इचारतंय? म्या रोज पाटं उठायची, न्हानीत जायची आन् आ करून बगायची, आला का म्हून. ही भन मला म्हनली, विरजन लावून सारखं भांडं हलवून बगतीस, दही लागंल कसं गं? मग सोडलं बगा. म्हटलं, देवा, तुजं तू बग. आता बोलतीया न्हवं, गप बस म्हटलं तरी ऱ्हात न्हाय!" आणि मोकळेपणानं हसल्या.

न्हाणीतली गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, सांगूच शकत नव्हते. रडू आलं, आणि रडण्यालाही आवाज नव्हता. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "येतो आक्का, बस चुकंल" म्हणाल्या आणि गेल्या. नाव विचारायचं राहिलं, कारण विचारणार कशानं?

यात चमत्कार कुठला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. सीमेवर बस अडली, एका मेणबत्तीची वात उभी होती, एका बाईला माझ्यासारखीच गाठ झाली होती. एवढंच घडलं. मला इतकंच ठाऊक आहे की सकाळी मी देवाला नको असलेली बाई म्हणून चर्चमध्ये शिरले आणि दुपारी तशी बाहेर पडले नाही. पुढचा आठवडाभर मंडळीनं माझी भरपूर थट्टा केली. "बाई, यंदा तुमच्या राज्यात आनंद एक हप्ता आधीच आला!" तिसऱ्या रविवारी आनंदाच्या दिवशी आम्ही जांभळी लावली. आभाळ कोसळलं नाही.

त्या बाई भेटल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच मी न्हाणीत नुसती आंघोळ करायला जाऊ लागले. हातातून सोडायचं म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सोडायची होती. एका संध्याकाळी मी प्रमिलाला जवळ बसवलं. ती गदगकडची, माहेरी कानडी. भांडी घासताना ती गाते, चांगलं गाते, आणि मी आतून तिच्या चुका काढत असते. मी चर्चच्या दिशेनं बोट दाखवलं, मग तिच्याकडे. तिला लगेच समजलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नको आई. तुमचा आवाज येईल की अजून. आणि माझ्या मराठीला लोक हसतील."

मी मान हलवली. तिचा हात धरून ठेवला. मग तिनं बसल्या बसल्या हळूच ते कडवं म्हणून दाखवलं. तिसऱ्या ओळीवर ती माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबली. माझा हात तिला पुढं ढकलायला उचलला गेला होता, तो मी मांडीवर परत ठेवला. नंतर रोज ती गायची आणि मी ऐकायची, आणि सोपं अजिबात नव्हतं ते.

नाताळच्या पहाटे मी मंडळीत उभी राहिले, यांच्या शेजारी. कडाक्याची थंडी, शाली, कुणाचं तरी खोकणं, मग सगळं शांत. आणि मागून, दारातून, तो सूर आला. हळूहळू बाकांमधून पुढं येत गेला. एवढ्या वर्षांत मी दरवेळी त्या दारात असायची, सुराकडे, श्वासाकडे, वेळेकडे लक्ष ठेवून. अंधारात उभं राहून वाट बघणाऱ्या माणसाकडे ते कडवं कसं येतं, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या ओळीवर प्रमिला थांबली, आणि त्या थांबण्यात सगळं चर्च तिच्याबरोबर थांबलं.

दिवे लागले, बाजापेटी सुरू झाली, सगळ्यांनी दुसरं कडवं धरलं. न ठरवता मीही तोंड उघडलं, आणि गळ्यातून काहीतरी निघालं. फाटका, खरखरीत, एकच सूर. गर्दीत यांनाही ऐकू गेला नाही. पुढच्या ओळीला तो गेला. पुन्हा करून बघावं असं मला वाटलं नाही.

आता आवाज थोडा येतो, थोडा जातो. पूर्ण दिलास तर प्रभू, मी नको म्हणणार नाही, मला तू ओळखतोस. पण ते कडवं आता प्रमिलाचं. तुझे उपकार एवढ्यासाठी की इतकी वर्षं मी तुझा नाताळ दारातून आत पोचवत होते, आणि यंदा तो माझ्यापर्यंत पोचला.