विहिरीजवळची खोली

"आनि दुपारचा आवाज काय हाय तिकडं?"

फोन लागला की वहिनींचा पहिला प्रश्न हा. जेवणात काय मिळेल, संडास खोलीला लागून आहे की बाहेर, हे सगळं मागाहून. पलीकडचा माणूस खाडीपल्याड उभा असावा तशा त्या रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडायच्या. उत्तर ऐकून चेहरा पाडायच्या, "बरं, र्‍हाऊ द्या" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

माझं तेव्हा भिवंडीत एसटीडी बूथ होतं, बाजूला झेरॉक्सचं मशीन. मोबाइल आले होते, पण आमच्या गल्लीत ते अजून खिशात मिरवायची वस्तू होते. बोलायला लोक माझ्याकडेच यायचे. वहिनी माझ्या घराच्या दोन दारं पुढे राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच. फळीवरची भांडी दिवसरात्र बारीक थरथरत असायची. चहाच्या कपात तरंग उठलेले नसले तर समजायचं, लाइट गेली.

तुम्ही भिवंडीत राहिला असाल तर हे सांगायला नको. नसाल, तर एवढं लक्षात ठेवा, की आमच्याकडे माणसं आवाजाने जागी होत नाहीत, आवाज बंद पडला की होतात. लोडशेडिंग सुरू झालं, लूम थांबले, की पाळण्यातली पोरं रडायला लागायची.

वहिनींचे यजमान, सगळ्यांचे दादा, जॉबर होते. म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. सगळी हयात रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, जेवायचं आणि त्या थरथरत्या भिंतीला पाठ लावून संध्याकाळपर्यंत झोपायचं. पुढे त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठ दिवस तरी या हवेतून बाहेर न्या, भरपूर झोपू द्या, नाहीतर दवाखान्यात भरती करायची वेळ येईल. वहिनींचं माहेर खाडीकाठचं. पण भावांनी जमीन गोडाऊनला दिलेली, आता दारातच ट्रक उभे असायचे. तिथे कसली हवा?

पेपरात जाहिरात होती: शेतावर राहा, चुलीवरचं जेवा. मुरबाडच्या बाजूला. वहिनींनी माझ्याच बूथवरून खोली ठरवली आणि दादांना घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी दोघं परत. दादांनी पिशवी ओट्यावर आपटली.

"मेलो तरी न्हाय जानार आता कुठं!"

गल्लीत हसू झालं. कोणी म्हणालं, हट्टी म्हातारा. कोणी म्हणालं, कारखान्याशीच लग्न लागलंय त्यांचं. मीही म्हणाले, "वहिनी, माणसाची इच्छाच नसेल तर तुम्ही काय करणार?"

दोन दिवसांनी वहिनी बूथवर येऊन स्टुलावर बसल्या.

"इच्छा हाय गं बाय. झोप न्हाय. तिथं इतकं गप्प होतं, की त्यांना आपलीच छाती ऐकू यायची. घरघर, शिट्टी. हितं लूमपुढं ती कधी कानावरच आली न्हवती. घाबरला तो मानूस. सांगंल होय कोनाला?"

दादांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चालत्या लूममध्ये हात घालणारा माणूस. पण वहिनी सांगत होत्या म्हणजे खरंच असणार.

त्या दिवसापासून फोन सुरू झाले. लोकांना शेतावर शांतता हवी असते. वहिनींना आवाज हवा होता. तोही कसलाही चालत नव्हता. एकाने सांगितलं, मोर ओरडतात. "मोर काय ड्युटी करतो का आठ तास?" दुसऱ्याने ओढ्याचा आवाज देऊ केला. वहिनींनी मला विचारलं, "ओढा खटखट करतो का गं?" मी म्हटलं, नाही, खळखळ. ओढा बाद. तिसरा बिचारा छातीठोकपणे म्हणाला, "ताई, पान पडलं तरी ऐकू येईल!" त्याच्यावर त्या जवळजवळ चिडल्याच.

रांगेत आझमगढला फोन लावायला आलेला एक कारागीर रोज हा तमाशा बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "भाभी, कमरा बुक कर रही हो या मशीन?"

"दोनों!" वहिनी म्हणाल्या. "तेरे पास हो तो बोल."

शेवटी वाडा तालुक्यातला एक शेतकरी सापडला. नवा होता, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. म्हणाला, "खरं सांगू का मावशी, आवाज लय आहे. वीज टिकत नाही, म्हणून भाजीला पाणी डिझेल इंजिनावर देतो. बाकीच्या खोल्या लांब आहेत, पण विहिरीजवळची एक आहे ना, तिथं बसवत नाही. ती आम्ही पाहुण्यांना देतच नाही."

"तीच द्या."

"विहिरीजवळची?" त्याने पुन्हा विचारलं.

"आनि इंजिन चालू करून फोन त्याच्याजवळ नेता येतो का, भाऊ?"

तो म्हणाला, फोन घरात आहे, पण पुतण्याचा मोबाइल आहे, उद्या नेतो. दुसऱ्या दिवशी वहिनी दादांना हाताला धरून घेऊन आल्या. दादा बूथच्या दारात तोंड फिरवून उभे राहिले. वहिनींनी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. मला काउंटरपर्यंत ऐकू येत होतं, फट्‌ फट्‌ फट्‌ फट्‌.

दादांनी डोळे बारीक केले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "एक ठोका चुकतोय. नोझल बघायला पायजे."

वहिनींनी रिसीव्हर काढून घेतला आणि फोनवर ओरडल्या, "आठ दिवस! लिवून घ्या!"

मुलांच्या सहामाही परीक्षा संपल्या होत्या. बूथ नवऱ्यावर सोपवून पहिले दोन दिवस मीही सोबत गेले. खोली म्हणजे चार भिंती, पत्रा, एक खाट. खिडकीखाली इंजिन, पलीकडे पाण्याची टाकी आणि कपडे धुवायचा दगड. सकाळचं पाणी त्या शेतकऱ्याने वहिनींच्या सांगण्यावरून दुपारवर नेलं. भेंडीला चालेल का, हे आधी नीट विचारूनच त्यांनी ते ठरवलं होतं. पहिल्या दुपारी दादांनी इंजिनाचं नोझल साफ केलं, हात धुतले, आडवे झाले आणि घोरायला लागले. चारपर्यंत हलले नाहीत. वहिनी दारात बसून मटार सोलत होत्या. मान वर करून त्यांनी मला फक्त एकदा भुवया उडवून दाखवल्या.

दुसऱ्या दुपारी दादांचा डोळा लागतोय न लागतोय तोच इंजिन खोकलं आणि बंद पडलं. डिझेल संपलं होतं. शेतकरी कॅन घेऊन मोटरसायकलवर वाड्याला पळाला. खोलीत दादांनी कूस बदलली.

वहिनी उठल्या. दोरीवर आदल्या दिवशी धुतलेले कपडे वाळत होते, ते सगळे ओढून काढले, टाकीत बुचकळले आणि खिडकीबाहेरच्या दगडावर धोपटण्याने बडवायला लागल्या. खट्‌ खट्‌, खट्‌ खट्‌. मी आधी बघतच राहिले. मग ताल ओळखला. तो इंजिनाचा नव्हता, आमच्या गल्लीतला होता. भिंतीपलीकडचा.

आत दादांचं हलणं थांबलं.

वहिनींचा हात भरून आला तेव्हा मी धोपटणं घेतलं. लगेच दटावणी आली. "घाई नको करू, बाय. लूम असा धावत न्हाय."

मी तालात आले. बडवता बडवता विचारलं, "वहिनी, तुम्हाला कशी लागते झोप या आवाजात?"

"मना?" त्या हसल्या. "मी खाडीकाठची. आमच्याकडं भरतीचं पानी चढताना ऐकू यायचं, इतकं गप्प. लग्न होऊन आले तवा वर्षभर डोल्याला डोला न्हाय लागला. आये म्हनायची, व्हईल सवय."

"झाली?"

"बडव तू. ताल चुकतोय."

डिझेल आलं, इंजिन लागलं, आम्ही थांबलो. चहाच्या वेळी दादा ताजेतवाने होऊन बाहेर आले, दोरीकडे बघून म्हणाले, "कालचे कपडे अजून वाळले न्हाईत? दमट हवा दिसते." माझ्या ड्रेसची दोन बटणं फुटली होती.

त्यांनी आठही दिवस काढले. दादांना दवाखान्यात भरती करावं लागलं नाही, त्या वर्षी नाही आणि पुढची काही वर्षंही नाही. दर हिवाळ्यात विहिरीजवळची खोली त्यांच्यासाठी ठरलेली असायची. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत, पण समोरच्याला नेमकं काय हवंय हे ओळखून तेवढंच शोधत राहणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

दादा गेले ते घरीच, भिंतीला पाठ लावून. त्यानंतर वर्षभरात शेजारचा कारखानाही बंद झाला. लूम तोडून भंगारात गेले. वहिनींच्या फळीवरची भांडी कायमची स्थिर झाली.

एके दिवशी त्या बूथवर आल्या. स्टुलावर बसल्या, पण रिसीव्हर घेतला नाही. "तूच लाव," म्हणाल्या. मी वाड्याला फोन लावला. शेतकरी म्हणाला, आता वीज बरी असते, मोटर बसवली, इंजिन विकून टाकलं.

"आता आवाज काहीच नाही म्हणतोय," मी सांगितलं.

"मग घे," वहिनी म्हणाल्या. "आठ दिवस. एकलीच जानार. माजी झोप राहिलीय खूप वर्षांची."

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. वाड्याची गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून चहा घ्यायला उडी मारली होती. सगळी गाडी थडथडत होती, खिडकीच्या काचा वाजत होत्या. वहिनींना खिडकीपाशी बसवून मी खाली उतरले, पाण्याची बाटली घेऊन परत आले, तर त्यांचं डोकं काचेला टेकलेलं. गाढ झोपल्या होत्या.

बाटली हळूच त्यांच्या पिशवीत ठेवली आणि कंडक्टरला सांगितलं, त्यांचा स्टॉप आला की उठवा.

"आता जाग्या होत्या की," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "गाडी बंद करू नका म्हणजे झालं."