माडीवरचं कांडण

गिरगावात घर विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा मी शहाणपणा करून एका नावाजलेल्या मिस्त्रीला ते तपासायला नेलं. सोबत आमची कोकणातली आत्याही आली. मिस्त्रीने प्रत्येक तुळई हातोडीने ठोकली, भिंतींना कान लावला, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटले आणि म्हणाला, "शंभर वर्षं हलणार नाही." घरमालक मिशीत हसला. मलाही बरं वाटलं. मिस्त्री मीच शोधला होता ना!

तेवढ्यात आत्याने स्वयंपाकघरातलं मुसळ उचललं. "वर जाऊन चार घाव घालून बघते. माडी धड असेल तर कांडण सोसेल."

"अगं आत्या, एवढा जाणता माणूस सांगतोय ना!" मी खेकसलो.

ती मुसळ घेऊन जिना चढू लागली. तसा घरमालक धोतर सावरत धावला आणि दोन्ही हात आडवे करून तिच्यापुढे उभा राहिला. "बाई, वर नका हो कांडू! आम्ही तिथे साधी चटणीसुद्धा वाटत नाही!"

मी रागाने मिस्त्रीकडे वळलो. तो केव्हाच घराबाहेर जाऊन रस्त्यावर उभा होता.