शेवटच्या रविवारचं रंगून

जळगावला बदली होऊन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात मला विचारतो, इथे चांगलं खायला कुठे मिळेल? पोस्टाच्या खिडकीमागे बसणाऱ्याला गावाची सगळी खबर असते असा लोकांचा समज आहे, आणि जेवणापुरता तो खराही आहे. भरीत खायचं तर थंडीत कुणाच्या तरी मळ्यात ओळख काढा, असं मी सांगतो. शेवभाजी कुठेही खा, फक्त पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. पण महिन्याचा शेवटचा रविवार असेल, तर बाकी सगळं सोडा आणि प्रेमचंद शेठच्या सरकीच्या वखारीमागे सुगंधाबाईंच्या खाणावळीत सकाळी अकराच्या आत जाऊन बसा. त्या दिवशी तिथे रंगून असतं.

त्याचं खरं नाव मोहिंगा. ब्रह्मदेशातली माणसं सकाळी सकाळी ते खातात म्हणे. आमच्या पानावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते नाव उच्चारता येत नाही, म्हणून सगळे त्याला रंगून म्हणतात. तांदळाच्या पांढऱ्या लांब शेवया, त्यावर बेसन लावून दाट केलेला कांदा-लसणाचा रस्सा, रश्शात गवती चहाची काडी आणि केळीच्या खोडातला कोवळा गाभा. वर कुरकुरीत भजी चुरून घालायची आणि लिंबू पिळायचं. मी कोकणातला, हर्णैचा. चांगल्या खाण्याबद्दल आम्ही सहसा परक्या मुलखाला श्रेय देत नाही, पण या वाटीपुढे मी निमूटपणे मान खाली घालतो. माझ्या नादी लागून आता निम्मं पोस्ट तिथे जेवतं.

हे सगळं सांगताना मी एक गोष्ट मात्र गाळतो. ही खाणावळ सहा वर्षांपूर्वी माझ्या तोंडामुळे बंद पडणार होती.

सुगंधाबाई मूळच्या दोंडाईचाकडच्या. नवरा, निंबा, रंगूनला तांदळाच्या गिरणीत मुकादम होता, म्हणून लग्नानंतर त्या तिकडे गेल्या आणि बारा वर्षं राहिल्या. शेजारी मा ख्यिन नावाची बर्मी बाई होती. तिच्याकडून त्या मोहिंगा शिकल्या. मा ख्यिन त्यात मासा घालायची. माळकरी घरच्या सुगंधाबाईंनी तो वगळला आणि त्या जागी केळीचा गाभा दुप्पट केला. निंबाला तसंच आवडायचं. मग जपान्यांचे बॉम्ब पडले आणि सगळे पायी हिंदुस्थानाकडे निघाले. निंबा वाटेतच तापाने गेला. सुगंधाबाई चालत राहिल्या. किती दिवस चालल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जळगावात पोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोन लुगडी, नवऱ्याची टोपी आणि मा ख्यिनने दिलेला नारळाच्या करवंटीचा डाव एवढंच होतं.

भाऊबंदांनी त्यांना दारात उभं केलं नाही. परमुलखातून विधवा होऊन आलेली बाई, काय खाल्लं असेल आणि कुठे राहिली असेल, असं म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. फक्त प्रेमचंद शेठनी वखारीमागच्या दोन खोल्या दिल्या. शेठ माहेश्वरी. अट एकच घातली होती, आवारात मासमच्छी शिजता कामा नये. सुगंधाबाई हसल्या होत्या म्हणे. जी गोष्ट त्या रंगूनमध्ये शिजवत नव्हत्या, ती जळगावात काय शिजवणार?

मी १९५३च्या भाद्रपदात इथे आलो. मार्गशीर्ष लागला तोवर तीन महिने मासळी दिसली नव्हती आणि माझा स्वभाव मुळात चांगला नाही, तो आणखी बिघडला होता. एका शुक्रवारी दुपारी जेवायला आवारात शिरलो आणि थबकलो. आंबूस, उग्र, नाकात चढणारा वास येत होता. मला एकदम घर आठवलं, पावसाळ्याआधी आई माळ्यावरून काढायची ती सुक्या मासळीची टोपली आठवली. मी शहाण्या माणसासारखा गप्प बसलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी आवारात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "वा, अक्का, आज सुकी मासळी काढलीत! देव पावला."

वखारीच्या ओट्यावर प्रेमचंद शेठ दोन व्यापाऱ्यांबरोबर बसले होते. त्यांनी ऐकलं. व्यापाऱ्यांनीही ऐकलं, आणि ते जास्त वाईट झालं.

शेठ रागावून ओरडले नाहीत. ते ओट्यावरून उठले, खाणावळीच्या दारापासून चार हात लांब उभे राहिले आणि म्हणाले, "सुगंधाबाई, आपलं काय ठरलं होतं?"

सुगंधाबाई हात पुसत बाहेर आल्या. "शेठ, मी मासा कधीच शिजाडा नही. तीन दिन भिजाडेल तांदूय शेत."

"थंडीत कोण तांदूळ नासवतं? आणि हे पोस्टवाले कोकणातले आहेत. मासळी त्यांना नाही कळणार तर कुणाला?" शेठनी नाकाला धोतराचा सोगा लावला. "रंगूनच्या त्या पदार्थात मासा असतो हे मी ऐकून आहे. सोमवारी खोल्या मोकळ्या करा."

आता मूळ भानगड सांगतो. खानदेशात उन्हाळ्यात घरोघर कुरडया करतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, शिजवून सोऱ्यातून दाबायचा. त्या तीन दिवसांत सगळ्या गावाला आंबूस वास येतो आणि एकही माणूस नाक मुरडत नाही, कारण तो वैशाखाचा वास. सुगंधाबाई याच दिवसांत, याच वासात, तांदळाच्या शेवया करून वाळवायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. म्हणून इतकी वर्षं कुणालाच काही खटकलं नव्हतं. त्या वर्षी पानं सातावरून चौदावर गेली, दिवाळीलाच डबे रिकामे झाले आणि बाईंनी पहिल्यांदाच थंडीत तांदूळ भिजत घातले. वास तोच होता. पण मार्गशीर्षात तो कुणाच्या ओळखीचा नव्हता, आणि कोकणातल्या मला तर तो कुठल्याच महिन्यात ओळखीचा नव्हता.

हे मला कळलं ते शनिवारी सकाळी, बाईंनी कांबळं बाजूला करून घंगाळ दाखवलं तेव्हा. तळाशी पांढरे फुगलेले तांदूळ, वर फेस. मासळीचा खवलासुद्धा नव्हता. मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी तडक शेठकडे गेलो. म्हटलं, माझं चुकलं, तांदूळच आहेत. शेठ म्हणाले, "कालही तुम्हीच बोललात, आजही तुम्हीच बोलता. कोणतं खरं धरू?" म्हटलं, येऊन बघा. तर म्हणे, जिथे मासळी शिजल्याचा संशय आहे तिथे मी पाऊल ठेवणार नाही. बघितल्याशिवाय पटणार नाही आणि बघायला येणार नाही. अशा माणसाशी वाद घालायला वकील लागतो.

परत येऊन बाईंना म्हणालो, "तुम्ही शेठाणीबाईंना तरी बोलवा." त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत.

"मी एक डाव सांगं. आते दारोदार जाईसन का सांगू?"

मला राग आला, मग लाज वाटली. ज्या बाईने एकदा दारोदार जाऊन पाहिलं होतं, तिला मी पुन्हा जा म्हणत होतो. कोपऱ्यात एक गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. करवंटीचा डाव भिंतीवरच्या खुंटीला नव्हता.

रविवारी सकाळी मी वखारीला लागून असलेल्या शेठच्या घरी मागच्या दाराने गेलो. चंदनबाई, म्हणजे शेठाणी, तुळशीला पाणी घालत होत्या. त्या धुळ्यात वाढलेल्या. घरात मारवाडी आणि शेजाऱ्यांशी अहिराणी बोलतात. मी आयुष्यात कुणापुढे इतका अजिजीने बोललो नसेन. म्हटलं, "मी हर्णैचा आहे. आमच्याकडे कुरडई कुणी करत नाही. आंबलेलं काहीही नाकात गेलं की आम्हाला मासळीच वाटते. तुम्ही दरवर्षी कुरडया करता, तुम्हाला वास कळेल. एकदा घंगाळात हात घालून बघा. मासळी निघाली तर मीसुद्धा गाव सोडतो."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुमी गाव सोडीसन आमले काय फायदा?" असं म्हणाल्या, पण डोक्यावरचा पदर सारखा करून निघाल्या. शेठ ओट्यावरून बघत राहिले.

खाणावळीत आम्ही तेरा-चौदा जण जमलो होतो. शेवटचं जेवण म्हणून एकही पान चुकलं नव्हतं. बाईंनी आदल्या संध्याकाळीच तांदूळ वाटून ठेवले होते. वरचं पाणी काढून टाकलेलं, खाली पांढराशुभ्र गोळा बसला होता. चंदनबाईंनी नाकाला पदर लावून वाकून पाहिलं. मग पदर सोडला. दोन बोटांनी थोडं उचललं, अंगठ्याशी चोळलं, पुन्हा हुंगलं. सुगंधाबाई भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होत्या.

"हाऊ ते चीक शे," चंदनबाई म्हणाल्या.

मग दारात जाऊन ओट्याकडे तोंड करून, सगळ्यांना कळावं म्हणून अहिराणीतच, त्यांनी आवाज चढवला. "अहो, ऐका. वैशाखमा आपला घरले हाऊच वास येस. तवय तुमी नाक धरतस का? महिना चुकना, म्हनीसन नाक चुकनं."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि समोरच्या व्यापाऱ्याला सरकीचा भाव विचारला. चंदनबाई आत वळल्या, हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "सोऱ्या कोठे शे? हाई आंबी जाई आते. चला, दाबू लागूत."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पाटावर बसून घेतलं. चूल पेटली. एक जण कांदा चिरायला लागला, दुसरा लिंबं कापायला. चंदनबाई शेवया दाबत होत्या आणि दाबता दाबता तांदूळ किती दिवस भिजवायचा ते विचारून घेत होत्या. कांदा-लसूण त्या खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी रस्सा वेगळा केला. तो त्यांनी पातेलीतून घरी नेला. शेठनी खाल्ला की नाही मला माहीत नाही, पण पातेली घासून आली आणि सोमवारी खोल्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

त्या रविवारी चंदनबाई घरी गेल्यावर सुगंधाबाईंनी कोपऱ्यातलं गाठोडं उचलून माझ्यापुढे ठेवलं.

"हाई सोडा. तुमनामुयेच बांधेल शे."

गाठ भलतीच घट्ट होती. मला नखं लावावी लागली. आत दोन लुगडी, काळी टोपी आणि त्यांच्यामध्ये करवंटीचा डाव. माझी बोटं चालत होती तोवर त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "एक डाव रंगूनथीन पायी उनू, भाऊ. आते पाय राह्यनात नही." आणि मग त्या रडल्या, सगळ्यांसमोर, तोंडाला पदर न लावता. जळगावातल्या अकरा वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही पानांकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. मी डाव धुऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पंगतीला वाढायला सुरुवात केली आणि मला सगळ्यांत शेवटी वाढलं.