खिंडाराचे दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — तिच्या शेवटच्या दुखण्यात ओठांवर आलं होतं, तेही गिळलं.

आमचं गाव धुळ्याजवळ, टेकडीखाली. टेकडीवर किल्ला. माझ्या तरुणपणी त्याला कुत्रं विचारत नव्हतं. तिथं शेळ्या चरायच्या, सीताफळं पिकायची. मग सभा आल्या, प्रभातफेऱ्या आल्या, आणि किल्ला एकदम देवाच्या जागी गेला. पोरं तिथली माती कपाळाला लावून स्वराज्याची शपथ घ्यायची. तटाला मोठं खिंडार आहे, तिथं बायका हळदकुंकू वाहायच्या. इंग्रजांच्या तोफेनं पडलेलं ना ते?

नाही. ते आम्ही पाडलं — मी आणि झिपरूनं.

झिपरूचं शेत माझ्या शेताला लागून, टेकडीच्या पाठीमागे. तिकडचं गावाला काही दिसत नाही. मी विहीर खणली होती, काळी माती आत ढासळत होती. बांधायला दगड हवा, आणि वर तर घडीव दगड फुकटचा. त्याची गाडी, माझे बैल, दोघांच्या पहारी. उन्हाळाभर ओढला. कुणी विचारलं तर खाणीतला म्हणायचो. त्यात आम्हाला काही वाटलं नाही — खरं सांगू? आजही फारसं वाटत नाही. लाज पुढचीच आहे.

बऱ्याच वर्षांनी धुळ्याहून एक पुढारी सभेला आले. खिंडारासमोर उभं राहून त्यांनी मला विचारलं, हे कसं पडलं? माझ्या डोक्यावर नवी कोरी खादीची टोपी. काय सांगणार होतो? तोफेनं, म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले. संध्याकाळी भर सभेत त्यांनी तेच सांगितलं, आणि झिपरू हसत उभा राहिला.

"कसानी तोफ? त्या दगड आम्हीच काढेल शेतस. तू बी व्हता ना भो मनासंगे?"

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी जमिनीकडे बघितलं. म्हणालो, मला असलं काही आठवत नाही.

एवढंच. पण त्या एवढ्यानं झिपरू इंग्रजांचं पाप झाकणारा, सरकारचा खबऱ्या ठरला. त्याच्याशी बोलणं-चालणं बंद. लग्नकार्यात बोलावणं नाही, कापूस वेचायला मजूर नाही. बांधाला बांध असून मीही तोंड फिरवून जायचो. वर्षभरात शेत विकून तो बायकापोरांना घेऊन भुसावळला हमालीला निघाला. जाताना त्यानं माझ्या विहिरीपाशी गाडी थांबवली, पोहरा सोडला, पाणी प्यायला. इकडंतिकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. मी कपाशीत खाली बसून होतो.

यंदा स्वराज्य आलं. झेंडा खिंडारातच लावायचं ठरलं, आणि तो माझ्या हातून. तिथला इतिहास मला ठाऊक, म्हणून. मी लावला. मग सगळी गर्दी मागच्या वाटेनं उतरून माझ्या विहिरीवर आली. मीच पोहरे ओढून वाढत होतो.

"नाना, पानी गोड शे," एक म्हातारी म्हणाली.

लोक गेल्यावर मी काठावर बसलो. खिंडाराचं खरं सांगून ज्याच्याशी हसावं, असा जगात एकच माणूस होता. खबऱ्या तो नव्हता. खोटं मी बोललो होतो. धुळ्याहून आगगाडी मिळते, चाळीसगावला बदलली की भुसावळ. मी कधी गेलो नाही.