पेडलवरची टिकली

गिटारला जोडायचं तिसरं पेडल घेऊन तो माझ्या गोडाऊनला आला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मोटारसायकल स्टँडवर लावायच्या आधीच त्यानं ते खिशातून काढलं आणि तळहातावर धरून मला दाखवलं. दोन काडेपेट्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढंच. वर एक गोल नॉब, खाली पायानं दाबायचा स्विच.

“हे शेवटचं, भाऊ,” तो म्हणाला. “ह्यानं बी न्हाई झालं तर माझ्यातच खोट हाय म्हनायची.”

खोट त्याच्यात नव्हती, हे त्या गोडाऊनमध्ये एकट्या मला माहीत होतं. मी म्हणालो, “आण, लावून बघू.”

तो आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आम्ही सहा जण. जुन्नर-आंबेगावातली लग्नं, साखरपुडे, जत्रा, कुणाकुणाचे वाढदिवस, हीच आमची कामं. बाकीचे दिवस तो वारूळवाडीत एका रोपवाटिकेत असतो. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बोटानं एकेका खळग्यात भोक पाडायचं, बी टाकायचं. दिवसाला शेकडो भोकं. तो म्हणायचा, माझा रियाज तिथंच होतो. साऊंड सिस्टिम माझी. कार्यक्रमात मी स्टेजसमोर मिक्सरवर बसतो. कुणाचा आवाज किती बाहेर जाईल हे माझ्या बोटांवर असतं.

त्या हंगामात आमच्या की-बोर्डवाल्यानं, म्हणजे ग्रुपच्या मुख्यानं, त्याला सरळ सांगितलं होतं, “राव, तुझा बेस लोकांना ऐकूच येत न्हाई. तेवढं तर मी डाव्या हातानं वाजवतो. नारायणगावच्या लग्नात तुझा सोलो वाजला तर ठीक, न्हाई तर पुढच्या हंगामात आपन पाच जनच जाऊ.”

लावणीच्या मेडलीत ढोलकी आणि बेसची जुगलबंदी असते. तिच्या आधी थोडा वेळ बेस पुढे येतो आणि बाकीचे मागं वाजत राहतात. त्याचा सोलो तेवढाच. वीस वर्षं ग्रुपमध्ये राहून त्याच्या वाट्याला आलेली तेवढीच जागा. ती हरवली होती, आणि ती परत मिळवायला तो पेडल शोधत होता.

त्याला हवं होतं ते क्लीन बूस्ट. सोलो आला की पाय द्यायचा, आवाज वर उचलला जातो; संपला की पुन्हा पाय द्यायचा. आवाज फाटायला नको, त्याचा पोत बदलायला नको, फक्त मोठा व्हायला हवा. स्वस्तातली बरीच पेडलं साध्या गिटारसाठी केलेली असतात. बेस लावला की खालचे जाड सूर गाळून टाकतात आणि वर खरखर आणतात. तो रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हिडिओ बघायचा, वहीत लिहून आणायचा आणि मला विचारायचा. मी सल्ला द्यायचो. मी त्याला दिलेला सल्ला योग्य होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. खालचे सूर कापणारं घेऊ नकोस. बॅटरीपेक्षा अडॅप्टरवर चालणारं बघ. पाच नॉबांचं नको, स्टेजवर अंधारात गोंधळ होतो. सगळं खरं. आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नाही, हेही मला ठाऊक होतं.

कारण मिक्सरवर त्याची वायर जिथं लागते, त्या चॅनेलवर मी लिमिटर लावून ठेवला होता.

लिमिटर म्हणजे मिक्सरमधली एक सोय. आवाज ठरवलेल्या रेषेच्या वर जाऊ लागला की तो आपोआप दाबला जातो. मी ती रेषा इतकी खाली आणून ठेवली होती की त्यानं साधं वाजवलं तरी आवाज तिला टेकायचा. वर जायला जागाच नव्हती. मग पेडलनं आवाज दुप्पट करा नाही तर दसपट, बाहेर तेवढाच. त्याच्याकडे स्वतःचा अँप, म्हणजे गिटारचा वेगळा स्पीकर, नाही. गिटारची वायर सरळ माझ्या मिक्सरला येते, आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या लहान मॉनिटर स्पीकरला जातं तेही माझ्याकडूनच. स्वतःचा आवाज त्यालाही मी ठरवीन तेवढाच ऐकू यायचा.

हे चार वर्षं चाललं होतं. सुरुवात मंचरच्या एका साखरपुड्यात झाली. आदल्या दिवशी एका भाषणाला हळू बोलणारे पाहुणे होते, म्हणून मी एका चॅनेलचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, चढवला होता. तो खाली आणायला विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चॅनेलला बेसची वायर लावली. सुरुवातीची गाणी हळुवार होती, निभावलं. सोलोचा पहिला जाड सूर त्यानं जोरात मारला आणि डावीकडचा मोठा स्पीकर टरकन फाटला. मुलीचे मामा पुढच्या खुर्चीवरून ओरडले, “काय पावणं, स्पीकर फोडायला बोलावलंय व्हय तुमाला?”

सगळे माझ्याकडे वळणार, एवढ्यात मी माईकवरून बोललो, “अरे जरा हळू की! हात हाय का फावडं?”

लोक खो-खो हसले. तोही ओशाळून हसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. नंतर सामान भरताना म्हणाला, “माझ्यामुळं झालं रे भाऊ. लई जोरात बसला.” मी म्हणालो, “होतं असं.” त्या दिवसापासून ढोलकीवाला त्याला फावडं म्हणू लागला. आठ दिवसांनी स्पीकरला नवा कोन, म्हणजे आतला कागदी पडदा, बसवून आणला तेव्हा मी लिमिटर लावला. पुन्हा फाटू नये म्हणून. एवढंच कारण असतं तर रेषा इतकी खाली आणायची गरज नव्हती. पण तो जोरात वाजवील, स्पीकर काही फाटणार नाही, आणि मग कुणी तरी विचारील की त्या दिवशीच कसा फाटला, ही भीती माझ्या मनात बसली होती.

पहिलं पेडल त्यानं पुण्यातून जुनं आणलं होतं. गोडाऊनमध्ये लावलं, स्विच दाबला, दोन-चार सूर मारले, पुन्हा दाबला. माझ्याकडे बघितलं.

“फरक पडतोय का?”

“काही खास नाही.”

“घरी होम थिएटरला लावलं तर हिची भांडी वाजली राव!”

मी म्हणालो, “घरच्या खोलीत तसंच वाटतं. मोठ्या सिस्टिमला खरं कळतं.” त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर ते पेडल परत केलं. दुसरं ऑनलाइन मागवलं, तेही परत गेलं. मग तो कान दाखवून आला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. त्यानं तो कागद घडी करून गिटारच्या कव्हरमध्ये ठेवला होता.

त्याच्या घरी एकदा चहाला गेलो तर त्याची बायको म्हणाली, “भावजी, तुमीच काय ते एक पसंत करून द्या. तुमच्या शब्दाबाहेर हे जायचे न्हाईत. रात्रंदिवस पेडल पेडल. मी एवढी मागं लागले असते ना, तर आत्तापर्यंत घराला रंग झाला असता.” तो आतून म्हणाला, “रंगाला बी बूस्ट लागतो!” ती हसली. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

तर ते तिसरं पेडल. त्यानं नॉब अर्ध्यावर ठेवून पाय दिला. काही नाही. पाऊण. काही नाही. त्यानं डोळे मिटून एक सूर मारला, पाय दिला, पुन्हा तोच सूर मारला. मिक्सर ज्यावरून चालवतो त्या माझ्यासमोरच्या टॅबलेटवर त्याच्या चॅनेलची लाल पट्टी खाली सरकताना दिसत होती. दाबला गेलेला सगळा आवाज तिथं दिसत होता. तो माझ्यापासून पाच पावलांवर होता. मी टॅबलेट पालथा घातला.

“राहू दे,” तो म्हणाला. “शनिवारी नारायणगावला हेच लावतो. गिटार इकायची झाली तर संगं देऊन टाकीन.”

त्या रात्री मी सोपा मार्ग शोधला. शनिवारी गुपचूप लिमिटर काढून टाकायचा. सोलो दणक्यात वाजेल, श्रेय पेडलला जाईल, त्याची जागा राहील, आणि मला कधीच काही बोलावं लागणार नाही.

नारायणगावच्या लॉन्सवर दुपारचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आमचा कार्यक्रम सुरू झाला. मी आधीच लिमिटर काढला होता. त्याचा साधा बेस आज जरा भरीव वाटत होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन गाणी झाली. मेडलीच्या आधी त्यानं पेडल पायाशी सरकवलं, आणि मला त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी दिसली. मिक्सर सोडून मी चार पावलं पुढं गेलो. त्यानं नॉब शेवटपर्यंत फिरवला होता आणि वाजवताना हलू नये म्हणून पट्टीनं पक्का करून टाकला होता.

म्हणजे आता लिमिटर नाही आणि बूस्ट पूर्ण. पहिल्याच सुराला स्पीकर जाणार. स्पीकरसमोर नवरीकडची लहान पोरं पत्रावळीचे पंखे करून खेळत होती. आवाज फाटला की सगळे पुन्हा त्याच्याच हाताकडे बघणार.

लिमिटर परत लावला तर त्याची जागा जाणार. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीवर, बोट ठेवून सांभाळता आलं असतं, निदान मी तसा प्रयत्न करू शकलो असतो. पण मग तो सोलोही माझ्याच बोटाखाली राहिला असता. निवेदक नवरदेवाच्या मित्रांची चेष्टा करत होता. मेडलीला दोन-तीन मिनिटं होती. मी स्टेजच्या मागून वर चढलो.

“नॉब पाववर आण,” मी त्याच्या कानाशी बोललो.

“याड लागलं का? फुल्लवर ऐकू येत न्हाई, पाववर काय येनार?”

“आता येईल. तुझ्या चॅनेलला लिमिटर होता. मी काढलाय.”

“कसला लिमिटर?”

“आवाज दाबणारा. मीच लावला होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “कधीपासनं?”

“मंचरच्या साखरपुड्यापासून.”

“म्हंजी पेडलं...”

“तिन्ही चांगली होती.”

“आन् मी कान दाखवून आलो.”

त्यानं एकदम विचारलं, “तो स्पीकर?”

“गेन माझा राहिला होता वर. तुझा हात नव्हता.”

पलीकडून की-बोर्डवाला ओरडला, “काय चाललंय तुमचं? घ्यायचं का?” तो खाली वाकला. नखानं पट्टी ओरबाडून काढली, नॉब मागं फिरवला आणि मान वर न करता म्हणाला, “जा तुझ्या जागंवर.”

मी मिक्सरवर आलो. दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. मेडली सुरू झाली. त्याची जागा आली. त्यानं पाय दिला.

आवाज मोठा होता, पण फाटका नव्हता. खालचा जाड सूर गवतावरून येऊन टेबलाच्या पायातून माझ्या गुडघ्याला लागला. जिलेबीचं ताट घेऊन चाललेला वाढपी थांबून स्टेजकडे बघू लागला. ढोलकीवाल्यानं मान वळवली. मी की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. दोन आवर्तनं तो वाजत राहिला, मग अडखळला, मग त्यानं तो हात उचलून मांडीवर ठेवला. तिथं आता त्याच्यासाठी जागा नव्हती. मेडली संपेपर्यंत तो हात मांडीवरच होता.

टेम्पोत सामान भरताना की-बोर्डवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “पेडल लई भारी निघालं राव! राहिलास तू. कुठलं हाय?”

तो वायर गुंडाळत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वायर गुंडाळायची थांबवली. त्यानं नुसतं ‘हाय एक’ म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. तो थांबून राहिला.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. मंचरपासून सगळं. माईकवरून काय बोललो होतो तेही. मग ढोलकीवाला हळूच म्हणाला, “मंग फावडं कोन रं?” कुणीही हसलं नाही. ढोलकीवाल्यानं स्वतःच मान खाली घातली.

तो टेम्पोतून आला नाही. एसटीनं गेला. महिनाभर माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही.

आता बोलतो. ऊन, वायर, पंगतीला काय होतं, असलं. पेडल तेच आहे, एका नॉबचं, स्वस्तातलं. वहिनींची एक लाल टिकली त्यानं नॉबच्या पाव फेऱ्यावर चिकटवली आहे, खूण म्हणून. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी, गिटार गळ्यात घालून, तो स्टेजवरून खाली उतरतो. माझ्या टेबलाशी येतो, बेसचा चॅनेल उघडतो, गेन बघतो, लिमिटर बघतो आणि काही न बोलता परत जातो. बाकीचे बघत असतात. तो उतरताना दिसला की मी खुर्ची मागं सरकवतो आणि टॅबलेट त्याच्या बाजूला वळवून ठेवतो.